र. धों. कर्व्यांचे वाचक आणि मोबाइलवरची क्विझ

१९३४ साली मुंबईत एका मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिकाचे नाव ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे. खटला एखाद्या कथेवरून किंवा चित्रावरून झालेला नव्हता. वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी प्रश्न विचारले होते आणि संपादकांनी त्यांना मासिकातून उत्तरे दिली होती, एवढाच गुन्हा. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर यांनी.

नाशिककरांना त्या वर्षांतले आंबेडकर आठवतात ते वेगळ्या कारणाने. मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली. या दोन घटनांच्या मध्ये, हाताशी कामाचा डोंगर असताना, त्यांनी हे लोकांना न रुचणारे प्रकरण घेतले. शंका असलेल्या माणसाने प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळाले पाहिजे आणि लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. समलिंगी आकर्षणाच्या मुद्द्यावर त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

या सदरात आज कर्वे आठवण्याचे कारण आपल्या खिशातच आहे. त्या काळी मनात शंका आली की माणूस संपादकाला पत्र लिहायचा. आता तो रात्री पांघरुणात मोबाइल उघडतो आणि ‘तुमचा लैंगिक कल ओळखा’ अशी क्विझ सोडवतो. वीस प्रश्न, चार-चार पर्याय, आणि शेवटी एक आकडा, बहुधा टक्क्यांत. तो आकडा पाहून कुणी हबकतो, कुणी सुटकेचा निःश्वास टाकतो, कुणी ठरलेले लग्न मोडावे का या विचारात पडतो. पालकांचाही एक प्रश्न हल्ली ऐकू येतो, की लग्नाआधी मुलाची किंवा मुलीची अशी काही तपासणी करून मिळते का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. अशी तपासणी नाही. रक्ताची नाही, हार्मोनची नाही, स्कॅनची नाही आणि प्रश्नावलीचीही नाही. मात्र ती का नाही, हे समजायला कर्वे आणि त्यांच्या काळातले दोन परदेशी शास्त्रज्ञ यांच्या वाटेने जाणे सोपे पडते.

रघुनाथरावांचा जन्म १८८२ सालचा, कोकणातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातला. वडील म्हणजे महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे अण्णासाहेबांनी विधवेशी विवाह केला आणि त्याची किंमत बहिष्काराच्या रूपाने मोजली. त्यामुळे लोक काय म्हणतील या प्रश्नाची धार या मुलासाठी लहानपणीच बोथट झाली असावी. वडील फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, मुलगाही गणितातलाच. १८९९ मध्ये तो मॅट्रिकला पहिला आला, पुढे पॅरिसला जाऊनही त्याने गणिताचाच अभ्यास केला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकी केली.

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही याच वर्षी. स्त्रीला मूल कधी हवे हे तिने ठरवावे, शरीरसुखावर तिचाही हक्क आहे, गुप्तरोग लपवून बरे होत नाहीत, हे सगळे ते उघडपणे बोलत. कॉलेजच्या चालकांना ते मानवले नाही आणि नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले. पैशाच्या दृष्टीने हा उद्योग आतबट्ट्याचाच होता. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर तो इतका टिकला नसता. दोघांनी मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता, म्हणजे जे छापले ते आधी घरात आचरले. कर्व्यांची भाषा मऊ नव्हती. ते फटकळ होते, वाद ओढवून घेत, आणि समोरच्याला चुकीचे ठरवताना त्याच्या मनाची फार पर्वा करत नसत. पण पत्र लिहिणाऱ्या वाचकाला त्यांनी हसून उडवले नाही, हे महत्त्वाचे.

१९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांच्यावर पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. त्यानंतरही ते थांबले नाहीत, म्हणून १९३४ चा दुसरा.

त्या पत्रांचा थोडा विचार करू. समलिंगी संबंधांना तेव्हा भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ खाली शिक्षा होती. अशा काळात कुणी कागद घेऊन बसतो, आपल्या मनात काय चालले आहे ते स्वतःच्या शब्दांत मांडतो आणि मग विचारतो. प्रश्न त्याचा असतो. काय सांगायचे, काय वगळायचे, कशाची भीती वाटते हे तो ठरवतो. क्विझमध्ये याच्या नेमके उलटे घडते. प्रश्न आधीच ठरलेले, उत्तरेही ठरलेली. माणसाने फक्त खूण करायची. त्याचा स्वतःचा प्रश्न त्या यादीत नसेल तर तो विचारलाच जात नाही.

आंबेडकरांनी ज्याचा आधार घेतला त्या एलिसचे काम बरेचसे अशाच आत्मकथनांवर उभे होते. लोकांनी आपापली हकीकत सांगायची, त्याने ती नोंदवायची. जर्मनीतल्या मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी मात्र मोजण्याचा प्रयत्न लवकर केला. त्यांनी लांबलचक प्रश्नावली तयार केली आणि ती हजारो लोकांकडून भरून घेतली. आकर्षणाच्या तीव्रतेला त्यांनी आकडेही देऊन पाहिले. पुढे त्यांनी एक हिशेब मांडला. माणसाच्या लैंगिकतेचे सोळा पैलू धरले आणि प्रत्येकात तीनच शक्यता मानल्या, तरी ४,३०,४६,७२१ प्रकार होतात. म्हणजे मोजायला निघालेला माणूस शेवटी या निष्कर्षावर आला की जवळजवळ प्रत्येकासाठी वेगळे खाते लागेल. हेच हिर्शफेल्ड १९३१ मध्ये, कर्व्यांच्या पहिल्या खटल्याच्या वर्षी, भारतात येऊन गेले. मे १९३३ मध्ये बर्लिनमधली त्यांची संस्था नाझींनी लुटली आणि तिथली पुस्तके जाळली.

आज क्विझमध्ये जो आकडा येतो त्याचा मूळ पुरुष मात्र अमेरिकेचा आल्फ्रेड किन्सी. हा मुळात कीटकशास्त्रज्ञ. ओकच्या झाडावर गाठी करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या त्याने लाखोंनी गोळा केल्या होत्या, आणि एकाच जातीतल्या दोन माश्याही एकसारख्या नसतात हे त्याने त्यातूनच शिकले. १९३८ मध्ये इंडियाना विद्यापीठात तो विवाहविषयक वर्ग घेऊ लागला, तेव्हा विद्यार्थी वर्गानंतर थांबून प्रश्न विचारू लागले. म्हणजे इथेही सुरुवात पत्रलेखकांसारख्या माणसांपासूनच झाली. उत्तरे द्यायला आधाराची माहितीच नाही हे लक्षात आल्यावर किन्सीने मुलाखती घ्यायला सुरुवात केली. त्याने आणि त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांनी मिळून सुमारे अठरा हजार लोकांच्या मुलाखती घेतल्या. मुलाखत समोरासमोर होई, प्रश्न तोंडपाठ असत आणि नोंद सांकेतिक खुणांत केली जाई.

१९४८ मध्ये त्याचे पुरुषांवरचे पुस्तक आले आणि त्यात ती प्रसिद्ध मोजपट्टी होती, शून्य ते सहा. शून्य म्हणजे केवळ भिन्नलिंगी, सहा म्हणजे केवळ समलिंगी, तीन म्हणजे दोन्ही सारखेच. त्या काळाच्या मानाने हे फार मोठे पाऊल होते. जग दोनच कप्प्यांत वाटलेले आहे, एका बाजूला निरोगी आणि दुसऱ्या बाजूला रोगी, ही समजूत तिने मोडली. याचे श्रेय किन्सीला द्यायलाच हवे.

पण त्या पट्टीविषयी तीन गोष्टी क्विझ करणारे सांगत नाहीत. पहिली म्हणजे, किन्सीने कुणाच्याही हातात परीक्षेचा पेपर दिला नव्हता. पूर्ण हकीकत ऐकून झाल्यावर मुलाखत घेणारा आकडा ठरवायचा. किन्सीच्या नावाने चालणारी आजची संस्थाही स्पष्ट सांगते की अधिकृत अशी किन्सी चाचणी अस्तित्वात नाही. दुसरी, तो आकडा माणसाला जन्मभरासाठी चिकटवलेला नव्हता. एकाच व्यक्तीला आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगळा आकडा मिळू शके. तिसरी, काही माणसे त्या पट्टीवर बसतच नव्हती. ज्यांना कुणाविषयीच लैंगिक ओढ नव्हती त्यांच्यासाठी त्याने पट्टीबाहेर ‘एक्स’ अशी खूण ठेवली होती. आज ज्यांना अलैंगिक म्हणतात त्यांच्यापैकी बरेच जण तिथे गेले असते. मोबाइलवरच्या बहुतेक क्विझमध्ये हा ‘एक्स’ नसतोच. मग अशा माणसाला मधला कुठला तरी आकडा मिळतो आणि तो बुचकळ्यात पडतो.

खरी अडचण याहून खोल आहे, आणि ती दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला चटकन कळेल. मण्याचा रस थेंबभर रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला की साखर ब्रिक्समध्ये कळते. मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजता येतो. दोन्ही मापे कामाची आहेत, दोन्हींवर भाव ठरतो. पण अठरा ब्रिक्स आणि अठरा मिलिमीटर यांची सरासरी अठरा, हा आकडा कशाचा? कशाचाच नाही. किन्सीच्या पट्टीत असेच काहीसे झाले होते. माणसाने प्रत्यक्ष काय केले आणि त्याच्या मनाला कशाची ओढ वाटली, या दोन गोष्टी एका आकड्यात मिसळल्या होत्या. ज्याने काहीच केलेले नाही पण मनात ओढ तीव्र आहे, आणि ज्याने बरेच केले पण ओढ फारशी नव्हती, असे दोघे एकाच आकड्यावर येऊ शकतात.

शिवाय या आकड्यांचे गणितही नेहमीचे नाही. चार ब्रिक्सपेक्षा आठ ब्रिक्स दुप्पट असतात. पण किन्सीचा चार हा दोनच्या दुप्पट नाही. तो फक्त क्रम सांगतो, परीक्षेतल्या पहिल्या-दुसऱ्या नंबरासारखा. अशा आकड्यांवरून टक्केवारी काढणे ही दिखाऊ अचूकता आहे. बासष्ट टक्के म्हणजे कशाचे बासष्ट टक्के, हे क्विझ बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

ही उणीव अभ्यासकांना दिसत होती. फ्रिट्झ क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९७८ मध्ये आकर्षण, वर्तन, कल्पना, भावनिक जवळीक, स्वतःची ओळख असे सात पैलू वेगळे केले आणि प्रत्येकासाठी भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श असे तीन रकाने ठेवले. एकवीस चौकटी झाल्या. चित्र अधिक खरे झाले, पण त्यातून एक उत्तर निघेना. काही जणांनी समलिंगी आणि भिन्नलिंगी ओढ यांना दोन स्वतंत्र पट्ट्या दिल्या, कारण एक वाढली म्हणजे दुसरी घटलीच पाहिजे असा नियम नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. समलिंगी वर्तनाचे एकच जनुक नाही आणि जनुके पाहून एखाद्या व्यक्तीविषयी भाकीत करता येत नाही, असे त्यात दिसले. भिन्नलिंगी ते समलिंगी अशी एकच सरळ पट्टी जनुकांच्या पातळीवर आढळत नाही, असेही संशोधकांनी नोंदवले.

आकडा आपली अट विसरून एकटाच फिरायला लागला की काय होते, याचाही नमुना किन्सीच्याच पुस्तकातला आहे. त्याने लिहिले होते की त्याच्या नमुन्यातले दहा टक्के पुरुष सोळा ते पंचावन्न या वयात किमान तीन वर्षे जवळपास पूर्णपणे समलिंगी राहिले. जन्मभर तसेच राहिलेले चार टक्के होते. तोंडातोंडी याचे झाले, दहा टक्के लोक समलिंगी असतात. नमुन्यात तुरुंगातल्या पुरुषांचे प्रमाण जास्त होते, सगळे गोरे अमेरिकन होते, लोक स्वतःहून पुढे आलेले होते; नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ च्या अहवालात ही नमुना निवड तपासून त्रुटी दाखवल्याही. तरी तो दहाचा आकडा आजही भाषणांतून ऐकू येतो.

आता हीच पट्टी आपल्याकडे आणून पाहा. अमेरिकेत बेतलेली प्रश्नावली विचारते, मित्राचा हात धरून चालला आहात का, एका अंथरुणात झोपला आहात का. आपल्याकडे गोदाघाटावर दोन मित्र गळ्यात गळे घालून फिरतात, वसतिगृहात एका गादीवर तिघे झोपतात आणि त्याचा कुणाच्याही कलाशी काही संबंध नसतो. पुढचा प्रश्न असतो, आतापर्यंत कुणाकुणाबरोबर संबंध ठेवले? ज्या मुलीला मैत्रिणीकडे जायलाही परवानगी काढावी लागते तिने यावर काय खूण करावी? घरच्यांनी ठरवलेले लग्न होऊन दोन मुले झालेली बाई वर्तनाच्या रकान्यात हमखास भिन्नलिंगी ठरते. तिच्या मनाचे त्यात काहीच उतरत नाही. बऱ्याच क्विझ तर त्याहून उथळ असतात. मुलाला स्वयंपाक आवडतो, मुलीला क्रिकेट आवडते, याचेही गुण धरतात. आवडीनिवडी, बोलण्याची ढब आणि लैंगिक कल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हो, इतकी खासगी उत्तरे मोबाइल क्रमांकासह नेमकी कुणाकडे जातात, हेही खूण करण्याआधी विचारायला हरकत नाही.

म्हणजे मोजमाप टाकाऊ आहे का? मुळीच नाही. हजारो लोकांचा अभ्यास करताना ते लागतेच. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष असा गट केला जातो. त्यांतले अनेक जण विवाहित असतात, स्वतःला समलिंगी म्हणवत नाहीत, आणि तो गट त्यांना तसे म्हणतही नाही. तिथे प्रश्न फक्त वर्तनाचा असतो, कारण विषाणू वर्तनातून पसरतो. चांगल्या पाहण्यांमध्ये आकर्षण, वर्तन आणि ओळख हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारतात. गर्दी मोजायचे हे साधन एका माणसाच्या गळ्यात पाटीसारखे अडकवले की मात्र घोळ होतो.

ज्याला खरोखर शंका आहे त्याने काय करावे? पहिले म्हणजे, घाई करू नये. कल कळायला काहींना वेळ लागतो आणि ठरावीक वयाआधी नाव द्यायलाच हवे असे नाही. मन फार अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर पात्रताधारक मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा मानसशास्त्रज्ञाशी बोलावे. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. चांगला तज्ज्ञ आकडा देत नाही, ऐकून घेतो. समलिंगी असणे हा आजार नाही, हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध गुन्ह्यातून वगळले. कल बदलून देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठून यावे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा कथित उपचाराला डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. आणि पालकांना मुलाविषयी काही जाणून घ्यायचे असेल, तर ते सांगू शकणारा माणूस एकच आहे, तो घरातच असतो, आणि आपले ऐकून घेतले जाईल अशी खात्री वाटली तरच तो बोलतो.

दोनशे रुपये दंडानंतरही कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. पुढे जवळपास वीस वर्षे ते निघत राहिले. किन्सीचे स्त्रियांवरचे दुसरे पुस्तक सप्टेंबर १९५३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १४ ऑक्टोबरला इकडे कर्वे वारले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबरमध्ये निघाला.